फरशीच्या अलीकडे

अंबरनाथ पश्चिम,
मंगळवार, सकाळ

प्रिय राजसी,

तू अजून झोपेत असशील. इथे आठ वाजलेत, म्हणजे तिकडे साडेचार. तुम्ही दोघं रोज आठला निघता, तेव्हा माझ्या हातात साडेतीन तास आहेत. तेवढ्यात हे लिहून, पानांचे फोटो काढून तुला पाठवायचे आहेत. सायकलवर बसण्याआधी शेवटपर्यंत वाच, एवढं माझं ऐक. काल तुला तीनदा लिहिलं की उद्या ती नदी ओलांडू नका. तुझं उत्तर आलं, "आत्या, तू तर रिक्षावाल्यालाही डबक्यातून गाडी घालू देत नाहीस. चिल मार!" खरं आहे, नाही घालू देत. लहानपणी तू का म्हणून विचारायचीस आणि मी काहीतरी वेगळंच सांगून वेळ मारून न्यायचे.

रागावले नाहीये गं. गेले आठ दिवस तुझे फोटो हीच माझी सकाळ आहे. बदामाच्या बागा, नदीकाठची पिवळी पडत चाललेली उंच झाडं, दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही अशी गावं, आणि चौकातल्या नळावर बाटल्या भरणारी, नाक सोललेली तू. पोळ्या करायला येतात त्या सुंदराबाईंना दाखवले, तर म्हणाल्या, "हे तर आपल्या बदलापूरच्या पुढचंच दिसतंय. मग विमानात बसून जायचं कशाला?" मी हसले, पण बाई चुकीचं बोलल्या नव्हत्या. दोन्हीकडे डोंगर, मधे नदी, आणि नदीवर पूल नाही, नुसती सिमेंटची फरशी. पाणी कमी असलं की तिच्यावरून पलीकडे जायचं. आपल्या बारवी धरणाकडे तेव्हा अगदी तसंच होतं.

स्पेनमधल्या काब्रिएल नदीच्या खोऱ्यातून सायकलने जाणार, असं तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला एक जुनं कॅलेंडर आठवलं. कॅम्प चारमधल्या तुझ्या बाबाच्या सायकल दुकानात कुठल्याशा परदेशी कंपनीचं कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी कमलेशने ते उतरवलं नाही, कारण त्यावर स्पेनमधली एक नदी होती आणि काठाने निघालेले दोन सायकलवाले. शेजारचे सिंधी काका त्याला चिडवायचे, "कमलेश, तेरा स्पेन तो टिटवाला तक भी नहीं पहुँचेगा." तो चाकाचे आरे घट्ट करता करता म्हणायचा, "काका, पहले बारवी तो पूरा करने दो." दर रविवारी आम्ही दोघं निघायचो. शिवमंदिरापाशी चहा, मग बदलापूर, मग धरणाच्या बाजूने आतल्या वाड्या. लग्न झाल्यावर तुझी आई थोडे दिवस आली, मग तू झालीस. मी मात्र सोडलं नाही. धाकटा भाऊ पुढे आणि थोरली बहीण मागे, असं मात्र कधीच नसायचं. दर मैलाला त्याचं काहीतरी बिघडायचं. दुसऱ्यांच्या सायकली चकचकीत करणारा माणूस, स्वतःच्या टायरला दोन ठिगळं.

आता कालच्या फोटोबद्दल. नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेच्या मधोमध एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर नारळाएवढा दगड. खाली तू लिहिलंस, "व्हीआयपी सीट! साहेब आलेच नाहीत, म्हणून बाजूला करून ठेवली. विनीत अडखळायला नको." विनीतचा गुडघा दुखतो, तो रोज अर्धा तास मागून येतो, हेही तूच कळवलं होतंस. तोही फरशी ओलांडून आला म्हणे, पायमोजे भिजवून, हसत. आणि बारमधल्या म्हाताऱ्याने सांगितलं की वर डोंगरात दोन दिवस पाऊस आहे. तुमच्याकडे मात्र कडक ऊन. आजच्या वाटेवर तशाच आणखी तीन फरश्या आहेत. हे वाचलं आणि माझ्या हातून कप सुटला. सुंदराबाईंनी तुकडे उचलले आणि विचारलं, "कोण गेलं?"

आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना होत्या. व्हरांड्यात काही पडलेलं दिसलं, खडू असो की कुणाची रिबन, तर ते ओलांडून पुढे जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. जी मुलगी जायची तिला परत बोलवायच्या. "तुझ्यामागून येणारंही देवाचंच लेकरू आहे," म्हणायच्या. दहा वर्षं हे ऐकलं की हात आपोआप खाली जातो. अजूनही स्टेशनच्या जिन्यावरची केळ्याची सालं मी उचलते आणि लोक माझ्याकडे बघतात.

एकोणतीस वर्षांपूर्वीचा तो रविवार. गौरी-गणपती होऊन गेले होते. तुला गोवर निघाला होता, आई तुझ्यापाशी घरी होती. आठवडाभराने आकाश मोकळं झालं होतं, ऊन इतकं की डांबर मऊ लागत होतं. वर डोंगरात काळं दिसत होतं, पण ते लांब होतं. फरशीच्या अलीकडे, वळणाआधी, कमलेशचं मागचं चाक बसलं. तो खाली बसला, ट्यूब बाहेर काढली आणि म्हणाला, "ताई, तू हो पुढे. हिचं नाटक संपवून आलोच. पलीकडे चंद्रीवहिनीला चहा टाकायला सांग, माझ्यात साखर जास्त." चंद्री म्हणजे धाकलूची बायको. नदीपलीकडच्या वाडीत त्यांचं घर होतं, आमचं ठरलेलं चहाचं ठिकाण. मी एकटी वळणावरून खाली उतरले. वाटेत ऐनाची एक फांदी आडवी पडली होती. पानं ताजी होती. बुंध्यावर दगड होता. मला कमलेशची दोन ठिगळं आठवली. मी उतरले, दगड लाथेने ढकलला, फांदी ओढून झुडपात टाकली, वाट पायाने साफसुद्धा केली. फरशीवर पाणी घोट्याएवढं होतं, फक्त चहाच्या रंगाचं. मी पलीकडे गेले. चंद्री घरात नव्हती. ओट्यावर बसून घाम पुसत होते, तेव्हा खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला, आणि तो थांबेचना.

पुढचं तुला माहीत आहे. सायकल तिसऱ्या दिवशी मिळाली, तो चौथ्या.

जे माहीत नाही ते आता सांगते. वर पाऊस झाला की वाडीतले लोक फरशीकडे जाणाऱ्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकतात आणि तिच्यावर दगड ठेवतात, म्हणजे वाऱ्याने पडलेली नाही, माणसाने ठेवली आहे हे कळावं. पाणी उतरलं की टाकणाराच ती काढतो, दुसरं कुणी हात लावत नाही. त्या वर्षी ते काम धाकलूकडे होतं. तू त्याचं नाव ऐकत मोठी झालीस. तुझी आई त्याला माणूसमाऱ्या म्हणायची. पोलिसांसमोर तो हात जोडून सांगत होता, "म्या सकाळीच फांटी टाकली व्हती, सायेब. दगडबी ठेवला व्हता. या बायला इचारा, ती त्याच वाटंनं आली." सगळे माझ्याकडे वळले. फांदी म्हणजे काय हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि मी म्हणाले, "मला काही दिसलं नाही."

चार शब्द. मागे घ्यायला मला एकोणतीस वर्षं पुरली नाहीत. त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, मग सोडलं, कारण फांदी टाकली नाही हा काही गुन्हा नाही. पण वाडीने ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. त्यानंतर कधी कुणी धाकलूला सांगितलं नाही की वर बघून ये, पाणी येतंय का. शहरातल्या माणसाला यात काय वाटणार. तिथे राहणाऱ्याला वाटतं. चंद्री गेली तेव्हा मी लांबून बघून आले, जवळ गेले नाही. तुझी आई दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती तेव्हाही एका दुपारी मी तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून राजसी वाढली." मी तिला मोसंबं सोलून दिलं.

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेणार होते. मन मोकळं करायला हे लिहीत नाही, तसा विचारही करू नकोस. लिहितेय ते एवढ्यासाठी, की कारण सांगितल्याशिवाय तू थांबणार नाहीस. तू कमलेशची मुलगी आहेस, नुसत्या भीतीला तू हसतेस. ती खुर्ची कुणीतरी ठेवली होती, राजसी. तू ती उचललीस आणि तुझं माणूस मागून आलं. काल नदीने त्याला येऊ दिलं. आज तुम्ही दोघं त्या गावातच राहा. बारमधल्या म्हाताऱ्याला हात धरून बसव, खुर्चीचा फोटो दाखव, हातवारे करून विचार, आणि तो सांगेल तितके दिवस थांब. येत्या रविवारी मी वाडीत जाणार आहे. धाकलू पंच्याहत्तरीचा झालाय, पण कान शाबूत आहेत, आणि मला त्याच्या एकट्याच्या नाही, सगळ्या वाडीच्या कानांवर घालायचं आहे. तू सोबत ये असं म्हणणार नाही. मला पुन्हा आत्या म्हणायचं की नाही, तेही तुझ्याकडे. फोन नाही केलास तरी चालेल, शिव्या दिल्यास तरी चालेल. फक्त साडेअकराच्या आत एक ओळ पाठव, की दोघंही खोलीतच आहात.

तुझीच,
रंजनाआत्या