मोहरी पेरलेला किनारा

मुरुड,
मंगळवार

प्रिय मुश्ताक यास,

सलाम आणि नमस्कार दोन्ही आत्ताच घेऊन ठेव, पत्र वाचून झाल्यावर तू एकही घेणार नाहीस. कुवेतच्या उन्हात तब्येत सांभाळून असशील. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळे बरे आहेत. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मला खोटं सुचतं.

रजा मिळत नाही म्हणून तू यंदाही आला नाहीस आणि सुटीवर इकडे आलेल्या दानियालबरोबर ती लाकडी होडी पाठवलीस. तुझ्या अब्बांचीच होडी, वीतभर लांब, पुढं दोन खलाशी आणि सुकाणूपाशी बोटभर उंचीचे खुद्द अब्बा. (टोपी किंचित वाकडी! कसं जमवलंस रे?) ईदला ती तुझ्या आईच्या, आपल्या फिरोजाचाचींच्या हातात द्यायची आणि तोवर मी तिच्याखाली आपला किनारा तयार करायचा, एवढंच काम. तू सोबत नकली गवताची पुडीही धाडलीस, तिथंच माझं डोकं फिरलं. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेल्या, दिवाळीच्या किल्ल्याला आळीत पहिला नंबर न सोडलेल्या माणसाला प्लास्टिकचं गवत? पुडी मी माळ्यावर भिरकावली.

जेवायच्या पाटावर प्लास्टरचा उतार केला, त्यावर समुद्रावरची वाळू चिकटवली, होडी पक्की बसवली, मागं काड्यांचे माड आणि वाडीतल्या तांबड्या मातीची टेकडी. इथवर श्यामलासुद्धा (जी बायको म्हणून माझं कौतुक फक्त पाहुण्यांसमोर करते) छान म्हणाली. मग किल्ल्यावर पेरतो तशी मी टेकडीवर मोहरी पेरली आणि रोज पाणी शिंपडत बसलो. किल्ला चार दिवसांचा असतो आणि हा पाट कायमचा, एवढं साधं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मोहरी उगवली, हिरवीगार. मी खुशीत फोटो काढले. मग ती माडांच्याही वर गेली आणि अब्बा दिसेनासे झाले. पाणी झिरपून प्लास्टर तडकलं, होडी कलंडली, एक फळी उकलली आणि अब्बा सुकाणू सोडून मोहरीत आडवे झाले. उचलायला गेलो तर टोपीचा रंग माझ्या बोटाला लागला. मुश्ताक, मला तिथंच रडू आलं. भर वादळातून होडी परत आणणाऱ्या माणसाला मी तांब्याभर पाण्यात बुडवलं. फार वाईट वाटतं रे. माफ कर.

चाचींना यातलं काही कळलेलं नाही. ईदच्या आत सगळं दुरुस्त करतो.

तुझा (अजून म्हणवत असेल तर),
रामचंद्र

ता. क. चाचींबद्दलची वरची ओळ खोटी आहे. परवा चाची नारळ न्यायला आल्या आणि त्यांनी सगळं पाहिलं. रागावल्या नाहीत. अब्बांना ओढणीनं पुसलं, मोहरीचा पाला भाजीला खुडून घेतला (एवढा पाला फुकट कशाला घालवायचा म्हणे) आणि पाट उचलून घरी नेला. मला हात लावायची बंदी आहे.

आणखी एक ता. क. जाताना दारात थांबून त्यांनी होडी पुन्हा न्याहाळली आणि मला विचारलं, "सगले हायत, माजा मुश्ताक कुटं हाय ह्यात?" हे वाचून तू लगेच लाकूड कोरायला बसशील, मी ओळखतो तुला. लाकडाचा मुश्ताक नकोय त्यांना. तू ये.