जागा भरली

प्रिय ताई,

रागाच्या भरात पत्र लिहू नये, असं तू नेहमी सांगतेस. म्हणूनच आत्ता, डोकं तापलेलं असतानाच लिहायला बसलोय. पूर्ण वाच. नेहमीसारखं अर्धं वाचून भावोजींच्या हातात देऊ नकोस.

काचेच्या दुकानातलं काम अजून टिकून आहे. मालकीण तोंडाची फटकळ, पण मनाने सरळ. पहिल्याच दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. आजार, मनानेच बंद केलेल्या गोळ्या, मग औषधाच्या दुकानाची फोडलेली काच, त्यात रक्तबंबाळ झालेला रखवालदार आणि तुरुंग. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, लोकांनी काचा फोडल्या नाहीत तर मी खाऊ काय? मग काच कापायचा हिरा हातात दिला. रेघ एकदाच ओढायची असते, ताई. मनासारखी आली नाही म्हणून तिच्यावर पुन्हा हिरा फिरवला, की काच वाटेल तशी तडकते. मी बऱ्याच तडकवल्या. ती शिव्या देत राहिली, पण हाकललं नाही.

याआधीचं आठव. छापखाना, गोदाम, बेकरी. तुरुंगाचं मी तिथेही लपवलं नव्हतं, आणि तरी ते सोमवारपासून या म्हणाले होते. सोमवारी गेलं की मालक खुर्ची द्यायचा, पाणी विचारायचा आणि नजर चुकवत सांगायचा, जागा भरली. बेकरीवाल्याने तर जाताना हातावर पाव ठेवला, भिकाऱ्याच्या ठेवावा तसा. माझ्याआधी कुणीतरी जाऊन यांचे कान भरतंय, असं मला वाटायला लागलं. आणि माझा आजार तरी कसला? लोक पाठीमागे कुजबुजतात असं वाटण्याचाच ना! मी घाबरलो. परत सुरू झालं म्हणून स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळी वाढवली. तू शेजारीच बसली होतीस, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत.

त्या वाढीव गोळीने दुपारनंतर हात जड होतो. रेघ थरथरते. मालकिणीने मला तूर्त काचा पुसायला बसवलंय. हात स्थिर झाला तर कायम करीन, नाहीतर पुसायला मला माणूस नको, असं तिने स्पष्ट सांगितलंय. गोळी मी माझ्या मनाने कमी करणार नाही. ती चूक एकदा करून झाली आहे.

काल दुकान आवरताना ती म्हणाली, तुमच्या बहिणीचा फोन आला होता. याला एकटं सोडू नका, रागावला की अंगावर येतो, धारदार काही हातात देऊ नका, सांभाळून घ्या. तुझेच शब्द, तुझ्याच हेलात. मालकिणीने तुला काय ऐकवून फोन आपटला ते तुला माहीत आहे. मी मात्र पुसून झालेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. कुठे काम लागलं ते मी सगळ्यात आधी तुला सांगायचो, दर वेळी, आनंदाने. अंगावर कधी आलो गं मी तुझ्या?

तुरुंगात भेटायला फक्त तू यायचीस. बाबांनी माझं नाव टाकलं होतं, तेव्हा माझे कपडे तू धुऊन आणायचीस. मी ते विसरलेलो नाही, आणि त्यामुळेच राग जास्त येतोय. परक्याने पोटावर पाय दिला असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. तुझ्या मायेला शिव्या तरी कशा देऊ? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. फोन तू केलेस आणि गोळ्या मी गिळतोय.

माफी मागू नकोस, रडू तर अजिबात नकोस. गुरुवारी डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल. त्याच खुर्चीवर बस आणि तुझ्या तोंडाने त्यांना सांग, की कान भरणारी मीच होते, माझ्या भावाला भास झाला नव्हता. हे मी सांगून चालणार नाही. माझी सख्खी बहीण माझ्यामागे सगळीकडे फोन करते, असं मी म्हणालो, तर ते गोळी आणखी वाढवतील.

तुझाच,
भाऊ