गोरखला झोपू दे

तीर्थरूप आई, पायांवर डोकं ठेवते.

पुण्यात आमी खुशाल हाये. गाय व्याली का?

गोरखच्या फिटसाठी खंडोबाचं जागरण घालायचं म्हणतीस, ते घाल. पण माझ्या भावाला रातभर बसवू नको. इथं तपासणीआधी डॉक्टरांनीच त्याला मुद्दाम जागं ठेवलं व्हतं. झोप मोडली की मेंदू भडकतो, मग मशीनवर आजार दिसतो म्हणाले. कागदावरच्या रेघा अशा उसळल्या, की मला लई भ्या वाटलं.

वाघ्या-मुरळीपुढं तो पडला, तर लोक अंगात आलं म्हणून भंडारा उधळतील. त्याला धरणार कोण?

गोळ्या चुकवत नाय ना?

त्या रात्री त्याला आळे गावाला मामाकडं झोपायला धाड. मी येते. देवाला सांग, त्याच्या वाटचं मी जागीन.

तुझीच,
उज्ज्वला