शेरा : धैर्य कमी

मालवण,
१७ नोव्हेंबर १९६३

प्रिय साल्वादोर,

हरी गेल्यावर तू लगेच तार केलीस, मागाहून लंडनहून मोठं पत्रही पाठवलंस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. कागद पुढे घेतला की नकोसं व्हायचं.

माणसं अजून भेटायला येतात. परवा शेजारचा बाबली पडवीत बसून म्हणाला, "हरी साल्वादोरासारखो विलायतेक विमान शिकलो असतो तर वाचलो असतो." त्यावर आमचे भाईकाका म्हणाले, "शिकवणाऱ्याचो काय दोष? पोराकच घाई." वर चहा मागितला. मी उठून विहिरीवर गेलो. सख्ख्या काकाच्या तोंडून हे ऐकून मला किळस आली.

इकडच्या-तिकडच्या परीक्षांची तुलना तुम्ही दोघांनी, तू नि हरीने, पत्रांतून कितीदा केलीत. वैमानिकाच्या परवान्याचे पेपर म्हणे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच : हवामान, नियम, यंत्र, दिशा काढणं. तुझ्या तोंडी परीक्षेची हकिगत हरीने आम्हांला वाचून दाखवली होती. परीक्षकाने हवामानाचा कागद पुढे टाकून विचारलं, कधी निघशील? तू वारा, पेट्रोल, वेळ सगळं चोख सांगितलंस आणि त्याने तुला त्या खेपेला नापास केलं. अशा हवेत निघायचंच नाही, हे उत्तर त्याला हवं होतं. आई हसून हसून ठसकली होती. तिकडे सगळे देव बसलेत असं नाही. त्याच परीक्षकाने तुझं नाव शेवटपर्यंत धड घेतलं नाही, हेही तू लिहिलं होतंस.

हरीचे सगळे पेपर झाले होते. एकट्याने करायचं लांबचं उड्डाण तेवढं राहिलं होतं. त्या सकाळी घाटावर ढग उतरलेले पाहून त्याने नाही म्हटलं. आमचे बाबा तांडेल होते, तुला ठाऊक आहे. आज गलबत सुटणार नाही, असं तांडेलाने म्हटलं की मालकसुद्धा गप्प बसतो. हरीला वाटलं, वैमानिकालाही तेवढा मान असेल. फ्लाइंग क्लबच्या शिक्षकाने सगळ्या पोरांसमोर त्याला भित्रा म्हटलं आणि शेरा लिहिला, "धैर्य कमी." उड्डाण दोन महिने पुढे गेलं. घरी आला तेव्हा हसत होता. "दादा, माका भित्रो म्हणालो तो. ढग काय माझ्या बापाशीचे आसत?" पण त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या वेळीही ढग होतेच. या वेळी तो गेला.

चौकशीत त्याच शिक्षकाने साक्ष दिली, की मुलगा हवामान न पाहता आपल्या हट्टाने निघाला. मी समोर बसलो होतो. कोटाला फूल लावून आला होता तो. साक्ष संपल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाला, फार धाडसी होता हो तुमचा भाऊ. घरी येऊन मी हात कितीदा धुतला. अहवालात चूक हरीचीच ठरली. आईला मी तो वाचून दाखवलेला नाही. ती एवढंच विचारते, "तेका वर धाडल्यान कोणी, ता सांग माका."

काल तुझी माय क्लेमेंटिना दोसच्या गोड वड्या घेऊन आली होती. तुला येत्या मार्चपासून त्याच क्लबात, त्याच शिक्षकाच्या हाताखाली शिकवायची नोकरी मिळाली, हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. आईने तोंड गोड केलं. मी माझी वडी परत बशीत ठेवली. नोकरी नाकार असं सांगायचा मला अधिकार नाही. पण एखादा मुलगा आकाशाकडे बघून नाही म्हणाला, तर तू त्याच्या नावापुढे काय लिहिशील, ते मला आधी कळव. ते कळेपर्यंत आमच्या घराची पायरी चढू नकोस. हे आईला सांगितलेलं नाही. ती तुझी वाट बघते आहे.

अजून तरी तुझाच,
शंकर