ब्रेक दाबणारी बाई

खर्डा, ता. जामखेड
डिसेंबर १९९४

चि. सूर्यभान यास,

आक्काचा जयभीम. यशोधरेला आशीर्वाद, सायलीच्या गालावरनं माझा हात फिरव. तुझा खोकला गेला का? न्हाई गेला तर अडुळसा उकळून घे, उगं गोळ्या गिळू नको. इकडं आमी दोघं बरी हाय, म्हणजे तुझे दाजी बरे हायेत आन माझं डोकं ठणकतंय. कशानं ठणकतंय ते सांगायलाच बसले. (शाळा माझी चौथीपर्यंतच, तवा काना-मात्रा चुकला तर गुमान वाचायचं, यशोधरेला दाखवून हसायचं न्हाई.)

सायलीच्या लग्नाला आमी आमच्या गाडीनं येणार, हे दाजींनी तुला मोठ्या तोऱ्यात कळवलं असंलच. कसली गाडी ते कळवलं का? रिटायर झाल्यावर माणूस घरावर नवा पत्रा टाकतो, बायकोला एखादी मोहनमाळ करतो. दाजींनी तुमच्या नगरात चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांच्या बंगल्यातनं गाडी उचलून आणली, तुझ्या-माझ्या वयाची. पाठीमागनं गोल ढब्बू, लोक तिला डुक्कर गाडी म्हणत्यात (दाजींच्या तोंडावर न्हाई, तोंडावर म्हणलं तर ते दोन दिवस जेवत न्हाईत). उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपात ट्रक खोलले, मला वाटलं हुतं घरी आल्यावर तरी हात धुतील. आता सकाळी उठून आधी तिचा टप पुसत्यात, मग माझ्याकडं चहा मागत्यात. ती कुठं कुरकुरली की लगेच तिच्याखाली उताणे. माझी कंबर गेल्या दिवाळीपासनं कुरकुरती हाय, कुणी वाकून बघितलं न्हाई.

तर ह्या गाडीचे मागचे लाल दिवे लागंनात. ब्रेक कितीबी दाबला तरी न्हाई. तुझ्याकडनं परतताना अंधार पडणार, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दिवा नसला तर कुणीबी येऊन ठोकायचा. म्हणून दाजी हट्टाला पेटले. आता ह्या दिव्याची परीक्षा एकट्या माणसाला घेता येत न्हाई. एकानं पुढं बसून ब्रेक दाबायचा आन दुसऱ्यानं मागं उकिडवं बसून बघायचं. दाबणारी मी. दाब म्हणले की दाबायचं, सोड म्हणले की सोडायचं, तिकडं तव्यावर भाकरी जळंना का! त्यांनी बल्ब बदलले, होल्डर पॉलिश पेपरनं घासले, अर्थिंगची तार खरवडून परत आवळली, बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी वतलं. दिवे मेलेले ते मेलेले. शेवटाला मलाच म्हणले, "तुझा पाय बरोबर पडत न्हाई." सूर्यभान, ह्या पायांनी मी आख्ख्या घराच्या भिंतींचा चिखल तुडवलाय. एक ब्रेक मला दाबता येत न्हाई व्हय?

तेवढ्यात ग्लोरियाबाई आली. ही आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातली नर्स, समोरच्या खोलीत एकटीच राहती. पांढरी साडी, पांढरे दात, अंग उदबत्तीच्या काडीएवढं. बोलती अशी, जसा काय समोरच्याला ताप आलाय. म्हणली, "मी बसून बघू का दादा?" (दादा म्हणती. म्हणू दे. दादा म्हणल्यानं काय व्हतंय?) बसली, पाय टेकवला, आन दिवे लागले. दोन्ही, लालभडक. दाजी मागनं वरडले, "लागला! बाई, लागला!" लग्नात अंतरपाट नव्हता, समोरासमोरच बसलो हुतो आमी, पण मला बघून त्यांचं तोंड एवढं फुललेलं मला आठवत न्हाई.

मी तिला उठवलं आन परत बसले. दिवे गेले. ती बसली, लागले. मग दोघी शेजारी शेजारी बसलो (पुढचं सीट एकच हाय, सोफ्यासारखं सलग). गेले. ती पुढं ब्रेकवर आन मी एकटी मागच्या सीटावर जाऊन बसले, तर दिवे बिनबोभाट चालू. आतापर्यंत सगळी गल्ली गोळा झालेली. शेजारची लंकाबाई म्हणली, "गाडीला बी माणसं कळत्यात वो, विमलबाई." सगळी हसली. त्याचं मला काय न्हाई. दाजी बी हसले, ते मी बघितलं.

त्या दिवसापासनं ब्रेक दाबायला ग्लोरियाबाई. संध्याकाळी दवाखाना सुटला की हिकडंच. आन मग दाजींनी डोकं चालवलं. बाईंना बी त्याच दिवशी नगरला जायचंय, तवा बाई पुढं बसतील म्हणजे दिवे चालू राहतील, तू मागं ऐसपैस बस, राणीसारखी. राणीसारखी! म्हणजे तुझ्या मांडवासमोर गाडी थांबणार, पाव्हणे वाकून बघणार, पुढनं दाजी उतरणार, ग्लोरियाबाई उतरणार, आन मागनं आहेराच्या पातेल्यांसंगं मी. नवरीची सख्खी आत्या! ही कोण आन ती कोण, हे तू कुणाकुणाला सांगत बसशील? मी म्हणलं, मी यष्टीनं येते. तर म्हणले, "चालंल, मग मागं भांडी नीट बसतील."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करायला गेले तशी मी पदर खोचला. म्हणलं, हे पुढचं सीटच उकिरड्यावर टाकते, म्हणजे कुणीच बसायला नको. दोन हिसके दिले, सीट वर आलं. खाली धुळीत एक जुनी वायर, वरनं सुताचं कापड गुंडाळलेली, सरळ मागच्या दिव्यांकडं जाणारी, आन सीटची स्प्रिंग बरोबर तिच्यावर रुतलेली. वायर वाकवून बघितली तर आत तांब्याची तार तुटलेली, नुसतं कापड धरून ठेवलेलं. वर वजन पडलं की तारंची टोकं लांब जायची, वजन उठलं की परत चिकटायची. म्हणजे माझा पाय न्हाई आन गाडीला माणसं कळत बी न्हाईत. नुसतं वजन! (मी अंगानं भरलेली हाय हे काय लपलेलं न्हाई. आन दाजी आन ती, दोघं मिळून वजनाला एक माणूस हायेत, त्यात त्यांची काय कर्तबगारी?)

दाजी आले तशी वायर त्यांच्या नाकापुढं धरली. त्यांनी कपाळावर हात मारला, नवी वायर टाकली, सीट बसवलं, मला म्हणले दाब. दाबला. लागले दोन्ही. आता तरी शाब्बास म्हणतील म्हणून मी आरशात बघत हुते, तर मागनं आवाज आला, "ग्लोरियाबाई परवाच म्हणत हुत्या, सीटखाली बघा म्हणून."

असो. पुढं मी बसणार, हे पक्कं. तिनं येऊच नये असं मी म्हणत न्हाई. मागं जागा लई हाय, बसू दे तिला ऐसपैस. आता बोटं दुखायला लागली, बाकीचं मांडवात बोलू.

तुझी आक्का,
विमल

ता.क. – खरं काम लिहायचंच राहिलं. तू ज्या हापिसात बसतोस तिथनं नर्सबायांच्या बदल्या व्हत्यात म्हणं. ग्लोरियाबाई कामाला लई चांगली हाय. अशी बाई एकाच गावानं धरून ठेवणं बरं न्हाई, बाकीच्यांनी काय पाप केलंय? तिला तिकडं आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात धाड. हवा बी चांगली हाय आन जुनी गाडी तो घाट चढत न्हाई.

आणखी ता.क. – पाकीट चिकटवणार तेवढ्यात ग्लोरियाबाई पेढे घेऊन आली. बदली झाली म्हणं, तिनं सवताच मागितलेली. कुठं, तर नगरला. तुझ्या दाजींनी पेढा तोंडात टाकला आन म्हणले, लई झ्याक झालं, पार्ट आणायला दर शुक्रवारी नगरला जातोच, आता चहाची सोय झाली. सूर्यभान, मोठी बहीण असून हात जोडते, काय बी कर पण ती बदली थांबव. वर डोंगराचं लिहिलंय ते खोडलंय असं समज. ती गेली तर गावातल्या गरवार बाया काय करतील? तिला हितंच ठेव, समोरच्याच खोलीत, ओट्यावरनं मला दिसंल अशी.