लाकडी विमानाची डावी बाजू

३ जानेवारी १९३८
सकाळी अक्कलकोटहून मोटारीने सोलापूरला आलो. भवानी पेठेत गोजाबाईंकडे खोली मिळाली, जेवणही त्यांच्याकडेच. खोलीत ऊन चांगले येते. बरे वाटले. दुपारी माळावरच्या उड्डाणशाळेत हजर झालो. माझा धाकटा भाऊ चनमल्लप्पा, आमचा चनू, इथे शिकत होता. दोन महिन्यांपूर्वी त्याचे विमान पडले आणि तो गेला. ते मनात ठेवून मास्तरांनी मला काम दिले. मी बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो, तेव्हा काम जमण्यासारखे आहे. खोलीएवढे एक लाकडी विमान जमिनीला पक्के केलेले आहे. खाली चार भाते. शिकाऊ आत बसतो, वरून झाकण लावतात. दांडा हलवला की भात्यांतल्या हवेने विमान कलते, वळते. मास्तर म्हणाले, हे फारच सरळ वागते, खऱ्यासारखे करून द्या.

७ जानेवारी
दोन भात्यांचे कातडे बदलले. कुंडलिक आत बसून पाहतो. केमच्या स्टेशनमास्तरांचा मुलगा, वीस वर्षांचा. मला अण्णा म्हणतो, चनूसारखेच. आज उतरल्यावर म्हणाला, "अण्णा, ह्ये तर म्हातारा बैल हाय की! दावं सोडलं की आपलं गोठ्याकडं." खूप दिवसांनी हसलो. खरे विमान हात सोडल्यावर सावरते, पण हेलकावे खात. वेग कमी झाला तर एक पंख पडतो, म्हणजे त्या बाजूला एकदम खाली जातो. तसे बसवतो आहे.

१२ जानेवारी
मास्तर खूश आहेत. पंख पडला की विमान गरगरते, तेव्हा दांडा पुढे ढकलायचा असतो. आज डावा पंख पडला आणि कुंडलिकने दांडा पोटाशी ओढून धरला. चनूनेही तेच केले होते. शेपटीची पट्टी शेवटपर्यंत वर वळलेली खाली उभे असलेल्यांनी पाहिली होती. कुंडलिकला विचारले. म्हणाला, "म्या न्हाय वडला. माझ्या हातावर कुणाचा तरी हात हुता."
मग हसला. हात मात्र चोळत होता.

१५ जानेवारी
हवेचा पंप बंद होता. विमान रिकामे. तरी डावीकडे कललेले, आणि बैठकीचे कातडे उबदार.
आमच्या लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. चनूचे अंग जळून ताठ झाले होते, वाकेना. क्रियेला आलेले जंगम म्हणाले, घाई करू नका, नीट बसवू. आईला बघवत नव्हते. मीच म्हणालो, आडवा ठेवा.
त्याला बसू दिले नाही.

१८ जानेवारी
मास्तरांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, दुःखाला वेळ लागतो. विमान आता अगदी खरे वागते, त्याला हात लावू नका. शनिवारी कुंडलिक एकटा उडणार आहे. इथे हात जे शिकतो तेच वर करतो, आणि हा ओढायला शिकतो आहे.

१९ जानेवारी
चारही भाते कापले. कुंडलिक बसला, झाकण लागले— तरी कलले. डावीकडे.
आता तो विचार न करता ओढतो. हसत नाही.

२० जानेवारी
कुंडलिकला म्हणालो, उडू नकोस. त्याने माझे मनगट धरले. मग म्हणाला, "हिड्को." घट्ट धर. आमच्या घरातली कानडी. केमच्या पोराला कानडीचा एक शब्द येत नाही.
मास्तरांकडे पुन्हा गेलो. ते म्हणाले, सुट्टी घ्या.

२१ जानेवारी
चार वाजता त्याचा शेवटचा धडा. साडेतीनलाच मी आत बसलो. झाकण आतून ओढून घेतले, पट्टा बांधला. फटीतून येणाऱ्या उजेडात लिहितो आहे. जागा भरलेली असली की कुंडलिकला कोणी—
बाहेर मास्तर हाका मारत आहेत. झाकण त्यांना उघडत नाही. मलाही नाही.
डावीकडे— हळूहळू—
चनू, मी आहे. त्या पोराला सोड.
दांडा मागे येतो आहे. दोन्ही हातांनी ढकलला— येतोच आहे—
काही दिसत नाही. चष्म्यावर वाफ धरली आहे. धोतराच्या सोग्याने एक काच पुसली. दुसरी पुसतो आहे तो हात माझा नाही—