विकत न घेतलेल्या संत्र्यांबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
परदेश-व्यापार अभिप्राय कक्ष,
प्रांत सरकार, जेजू बेट.

विषय : राजधानी सोलला जाणाऱ्या प्रांताच्या अभिप्रायात संत्र्याचे नाव घालण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाने फोनवरून केलेली पाहणी.

महोदय,

बाळ निजल्याने घरात सामसूम होती, तोच न्हाणीतल्या ढिगावरून एक संत्रे घरंगळून टपकन फरशीवर पडले. बाळ उठले नाही, ही संधी साधून अर्जदार पुढीलप्रमाणे सादर करते :

१. परदेशी संत्र्यांवरची जकात उठवावी की ठेवावी, याची बोलणी सोलमध्ये चालू आहेत. कोणता माल सांभाळावा, हे प्रत्येक प्रांताने कळवायचे आहे. आपल्या मसुद्यात मुळा आहे, गाजर आहे, लसूणसुद्धा आहे, संत्रे नाही. आपल्या कक्षात चौकशी करता उत्तर मिळाले, "तुमचे लोकच खात नाहीत, मग सोलशी भांडायचं कशाला?" अर्जदाराचे घर, गावासकट, संत्र्यावरच जगते.

२. फोनवर प्रश्न होता, 'यंदा संत्री किती विकत घेतलीत?' गावाने छातीठोकपणे सांगितले, 'एकही नाही!' महोदय बेटावर नवे आहेत. इथे संत्री वाटतात. विकत घेणे म्हणजे आपले कोणी उरले नाही, असे चारचौघांत जाहीर करणे. शेजारच्या छुनजा आजी तर फोनवर कडाडल्या, "विकत? माझी माणसं काय मेली काय रे, मेल्या?" त्यांची नोंद 'खात नाहीत' अशी झाल्याचे कळते. त्या वेळी त्यांच्या तोंडात संत्रेच होते.

३. पावतीचा पुरावा असावा, म्हणून अर्जदाराने घरची बाग असताना बाजारातून एक पेटी विकत घेतली. विकणारी हळहळली, "अगं बाई, सासूशी बिनसलं का?" पेटी घरी पोचण्याआधी बातमी पोचली. दाराशी पोती. छुनजा आजी डोळे पुसत म्हणाल्या, "मी जिवंत असताना तू विकत आणलीस? लोक मला काय म्हणतील गं!" सासूबाई तर याच घरात राहत असूनही संत्री घेऊन समजूत घालायला आल्या. न्हाणी भरली. यजमान आता शेजारी आंघोळीला जातात आणि येताना आणखी एक पिशवी घेऊन येतात.

४. सबब विनंती, की सोमवारी मसुदा निघण्यापूर्वी 'किती वाटली, किती आली' असे पुन्हा विचारावे. जकात उठली, बागा तुटल्या, तर वाटायला काय उरेल? तेव्हा मात्र आम्ही खरोखर विकत घेऊ, आणि तीही परदेशी.

बाळ चुळबुळते आहे. थांबते.

आपल्या उत्तराकडे आणि न्हाणीकडे डोळे लावून बसलेली,
बू सुल-ही
१६ जानेवारी

सोबत :
(अ) पावती.
(आ) थोरली दानबी, वय चार, हिच्या, संत्री खाऊन हिवाळाभर पिवळ्या राहणाऱ्या पंजाचा ठसा.
(इ) अधिकाऱ्यांना भेट घेण्यास मनाई असल्याने संत्री जोडलेली नाहीत. आपल्या कचेरीच्या दगडी कुंपणावर एक पिशवी आढळल्यास ती कोणाची, हे अर्जदारास ठाऊक नाही.

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी दानबीला अर्ज वाचून दाखवला. तिने एक गोष्ट विचारली. प्रश्न अर्जदाराच्या अखत्यारीबाहेरचा असल्याने वरिष्ठांकडे पाठवीत आहे : "आई, सोलच्या साहेबांना संत्री विकत घ्यावी लागतात? मग त्यांचं कुणीच नाहीये का गं?"